पाणी उकळून प्यावं हे खरं, पण कोणतं पाणी?

पाण्याला जरा वास आला, रंग बदलला किंवा आसपास जुलाब-उलट्यांची साथ असल्याचं कानावर आलं, की पातेलं शेगडीवर चढतं. बरोबरच आहे. पण उकळलेलं पाणी म्हणजे शुद्ध पाणी, असं जे आपण धरून चालतो तिथे गडबड आहे. उकळल्याने पाण्यात जे जिवंत आहे ते मरतं. जे विरघळलेलं आहे ते जागचं हलत नाही. उलट वाफ उडून गेल्यावर उरलेल्या पाण्यात ते आणखी दाट होतं.

मला यातलं बरंच उशिरा कळलं, तेही आजारपणामुळे. आमच्याकडे पिण्याचं पाणी रोज न चुकता उकळलं जायचं, तरी एका वर्षी घरातल्या तिघांची पोटं पाठोपाठ बिघडली. पाण्यावर शंका घ्यायला कोणी तयार नाही, कारण ते उकळलेलं! शेवटी एकदा पिंप रिकामं करून आत हात घातला. तळ बोटांना बुळबुळीत लागत होता. पाणी काढताना पेला आणि पेल्याबरोबर अर्धं मनगट रोज त्या पिंपात बुडत होतं. वीस-वीस मिनिटं गॅस जाळून मारलेले जंतू आम्ही हातानेच परत आत सोडत होतो.

म्हणून या लेखात उकळण्याइतकीच जागा उकळण्याआधीच्या आणि नंतरच्या कामांना दिली आहे.

आधी ठरवा: हे पाणी उकळण्यासारखं आहे का?

पाण्याला जंतूंचा धोका असेल तर उकळण्यासारखा दुसरा उपाय नाही. कॉलरा आणि टायफॉइडचे जिवाणू, हिपॅटायटिस ए आणि ई, म्हणजे पाण्यातून पसरणाऱ्या काविळीचे विषाणू, लहान मुलांना जुलाब लावणारा रोटा विषाणू, आमांशाचा अमीबा, जिआर्डिया, जंतांची अंडी हे सगळे उकळत्या पाण्यात मरतात. क्लोरीनला दाद न देणारे जीवही यात येतात. क्रिप्टोस्पोरिडियम नावाच्या परजीवीभोवती असं टणक कवच असतं की पाणीपुरवठ्यात वापरतात तेवढ्या क्लोरीनने त्याचं काही बिघडत नाही. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात नळाच्या पाण्यातून तो घराघरात पोचला आणि सुमारे चार लाख लोक आजारी पडले. पाणी शुद्धीकरण केंद्रातून आलेलं होतं, त्यात क्लोरीनही होतं. तेच पाणी उकळून प्यायलं असतं तर हा परजीवी टिकला नसता.

आता दुसरी बाजू. आर्सेनिक, फ्लोराइड, नायट्रेट, शिसं, मीठ, बहुतेक कीटकनाशकं यांवर उकळण्याचा उपयोग शून्य. बांगलादेशात हे फार मोठ्या प्रमाणावर दिसलं. तळ्या-नद्यांच्या पाण्यातल्या जंतूंपासून सुटका व्हावी म्हणून तिथे १९७० च्या दशकापासून लाखो कूपनलिका खोदल्या गेल्या. जमिनीखालचं पाणी काचेसारखं स्वच्छ, जंतूही कमी. पण १९९० च्या दशकात लक्षात आलं की त्यातल्या असंख्य नळ्यांच्या पाण्यात आर्सेनिक आहे. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे, आणि अनेक ठिकाणी प्रमाण त्याच्या कित्येक पट निघालं. असं पाणी तासभर उकळलं तरी आर्सेनिक तेवढंच राहतं.

दोन्ही धोके एकाच पाण्यात असले तर काय होतं, याचं उदाहरण म्हणजे अमेरिकेतलं फ्लिंट शहर. २०१४ मध्ये तिथे पाण्याचा स्रोत बदलला. त्याच वर्षी पाण्यात जिवाणू सापडले आणि लोकांना पाणी उकळून प्यायला सांगण्यात आलं. सल्ला जंतूंपुरता योग्य होता. पण नवं पाणी जुन्या नळांमधलं शिसं सोबत घेऊन येत होतं, आणि शिशावर उकळीचा काहीच परिणाम होत नाही.

‘दाट होतं’ म्हणजे किती, ते एका हिशोबात बघा. समजा पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅम नायट्रेट आहे. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ५० आहे, म्हणजे पाणी चालण्यासारखं. आता हेच एक लिटर पाणी उकळत ठेवून विसरलात आणि पाऊण लिटर उरलं. नायट्रेट सगळं तिथेच, पाणी मात्र कमी. ४५ भागिले पाऊण म्हणजे लिटरला ६०. मर्यादेतलं पाणी उकळून मर्यादेबाहेर गेलं. बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळासाठी हा फरक गंभीर आहे, कारण जास्त नायट्रेटमुळे त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटते आणि बाळ निळसर पडू शकतं.

काही पाणी मात्र उकळूच नये. साचलेल्या पाण्यावर हिरव्या-निळ्या रंगासारखी साय आली असेल तर ते नील-हरित शैवाल असू शकतं. त्यातल्या काही जाती विष तयार करतात. ते विष उष्णतेने मोडत नाही, आणि उकळल्यावर पेशी फुटून आतलं विषही पाण्यात उतरतं. ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेतल्या टोलेडो शहरात ईरी सरोवरातून येणाऱ्या पाण्यात असं विष सापडलं, तेव्हा चार लाखांहून अधिक लोकांना सांगावं लागलं की हे पाणी पिऊ नका आणि उकळूही नका. पेट्रोल, रॉकेल, रंग किंवा औषधफवारणीचा वास असलेलं पाणीही शेगडीवर ठेवू नका. वाफ नाकात जाते, आणि तेलकट तवंग असेल तर आगीचाही धोका. पुराचं पाणी सहसा याच वर्गात धरावं.

मग ओळखायचं कसं? डोळ्यांनी आणि नाकाने जेवढं कळतं तेवढंच कळतं. आर्सेनिक, शिसं, नायट्रेट, फ्लोराइड यांना पिण्याच्या पाण्यात सापडतात त्या प्रमाणात ना रंग असतो, ना वास, ना चव. विहिरीचं किंवा कूपनलिकेचं पाणी पीत असाल तर एकदा प्रयोगशाळेत रासायनिक तपासणी करून घ्या, त्याला पर्याय नाही. खिशात मावणाऱ्या टीडीएस मीटरवर विसंबू नका. तो विरघळलेल्या क्षारांची गोळाबेरीज सांगतो. त्याला जंतू दिसत नाहीत, आणि घातक प्रमाणातलं शिसंसुद्धा त्याच्या आकड्यात कुठल्या कुठे हरवून जातं. ‘मीटर ८० दाखवतोय, म्हणजे पाणी चांगलं’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता वाद घालणंही सोडलं आहे.

गाळून घ्या

गढूळ पाणी तसंच उकळू नये. गाळ आणि चिखलाच्या कणांच्या आड लपले तरी जंतू उकळीतून सहसा वाचत नाहीत, पण पातेल्यात राड उरते, चव जाते आणि पुढे साठवणीच्या भांड्यात त्याच गाळावर नवे जंतू पोसले जातात. पाणी भांड्यात तासभर स्थिर ठेवा. फारच गढूळ असेल तर तुरटीचा खडा दोन-तीन वेळा फिरवून ठेवा. कण एकमेकांना चिकटून तळाशी बसतात. मग वरचं पाणी न ढवळता दुसऱ्या भांड्यात ओतून घ्या.

कपडा सुती आणि जुना घ्या. नव्यापेक्षा जुना बरा, कारण धुऊन धुऊन धाग्यांचे तंतू सुटतात आणि विणीतली भोकं बारीक होतात. ही नुसती अंदाजाची गोष्ट नाही. अमेरिकी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रिटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांगलादेशातल्या मतलब भागात जुन्या सुती साडीच्या अनेक पदरी घडीतून पाणी गाळून बघितलं, आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात कॉलऱ्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलेलं दिसलं. कॉलऱ्याचे जिवाणू पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जीवांना, म्हणजे प्लवकांना चिकटून असतात, आणि प्लवक कापडात अडकतात. पण राहिलेला निम्मा विसरू नका. सुटे जिवाणू आणि विषाणू कापडातून आरामात पार होतात. गाळणं ही उकळण्याची तयारी झाली, तिथे थांबायचं नाही. गाळून झाल्यावर कपडा साबणाने धुऊन उन्हात वाळवा. ओला बोळा करून पाण्याच्या भांड्यावर टाकून ठेवला तर तोच जंतूंचं घर होतो.

उकळी कशाला म्हणायचं

एकदा तरी पातेल्यासमोर उभं राहून हे बघा. पाणी तापायला लागलं की तळाला आणि कडांना बारीक बुडबुडे चिकटलेले दिसतात. ती उकळी नव्हे. पाण्यात विरघळलेली हवा बाहेर पडते आहे, आणि पाणी अजून उकळीच्या बरंच मागे आहे. मग ‘सूं’ असा आवाज सुरू होतो आणि चढत जातो. तळाशी वाफेचे बुडबुडे तयार होतात, पण वरचं पाणी त्यामानाने गार असल्यामुळे अर्ध्या वाटेतच फुटतात, त्याचा तो आवाज. वाफा दिसतात, पातेलं बोलायला लागतं, आणि नेमकं इथेच बरेच जण गॅस बंद करतात. थोडं थांबा. आवाज एकदम जाड आणि मऊ होतो, मोठे बुडबुडे थेट वरपर्यंत येतात, आणि पाणी सगळीकडून खळाखळा उलटंपालटं व्हायला लागतं. चमच्याने ढवळलं तरी उकळी मोडत नाही. ही खरी उकळी.

इथून एक मिनिट धरा. बस.

वीस मिनिटं उकळायला हवं, दहा तरी हवीत, असं सांगणारे भेटतील. जंतू मारायला इतका वेळ लागत नाही. दुधाचं पाश्चरीकरण ६३ अंश सेल्सियसला अर्ध्या तासात किंवा ७२ अंशांना १५ सेकंदांत होतं, आणि पाण्यातून येणारे बहुतेक रोगजंतू याच टप्प्यात संपतात. हिपॅटायटिस एचा विषाणू त्यामानाने चिवट, पण ८५ अंशांना मिनिटभरात तोही निकामी होतो. म्हणजे पाणी १०० ला पोचेपर्यंत, खालून वर तापत असतानाच, काम उरकलेलं असतं. जागतिक आरोग्य संघटना म्हणूनच फक्त इतकंच सांगते की पाणी खळाखळा उकळू द्या आणि मग गार होऊ द्या. वरचं एक मिनिट ही सावधगिरी आहे. खरं तर १०० अंशांची गरजच नव्हती. पण ७० अंश डोळ्यांना दिसत नाहीत, आणि घरात थर्मामीटर घेऊन कोणी पाणी तापवत नाही. थर्मामीटरशिवाय ओळखू येणारं तापमान एकच, ते म्हणजे उकळी.

जास्त उकळण्याचा तोटा मात्र पक्का. साधारण २५ अंशांचं एक लिटर पाणी उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या सातपट उष्णता तेच पाणी वाफ करून उडवायला लागते. उकळी आल्यानंतर जळणारं इंधन जंतू मारत नाही, पाणी उडवतं. वर सांगितलेला दाट होण्याचा हिशोब आहेच.

कडक कवचात झोपलेले काही जिवाणू उकळीतूनही वाचतात, हे खरं. त्यांना मारायला प्रेशर कुकरमधलं १२१ अंशांच्या आसपासचं तापमान लागतं. पण ते बीजाणू पिण्याच्या पाण्यातून जुलाब-काविळीची साथ आणणाऱ्यांपैकी नाहीत. शस्त्रक्रियेची उपकरणं आणि डबाबंद अन्न यांच्याबाबतीत त्यांची काळजी करायची असते.

उंचावर थोडा हिशोब बदलतो. दर ३०० मीटर चढलं की उकळण्याचं तापमान साधारण एका अंशाने उतरतं. २००० मीटरवर पाणी ९३ अंशांच्या आसपास उकळतं, ३५०० मीटरवर ८८ च्या आसपास. जंतू तिथेही मरतात, फक्त हाताशी असलेली सवलत कमी होते. म्हणून २००० मीटरच्या वर एकाऐवजी तीन मिनिटं धरा.

किटली, मायक्रोवेव्ह, गिझर

आपोआप बंद होणारी इलेक्ट्रिक किटली चालते. ती वाफ जोरात यायला लागल्यावर बंद होते, आणि नंतरही पाणी काही मिनिटं ८५-९० च्या वर असतं. शंका असेल तर बटण पुन्हा एकदा दाबा. किटली किमान खुणेपर्यंत भरलेली असावी, नाहीतर काही किटल्या उकळीआधीच बंद होतात.

मायक्रोवेव्ह मला या कामासाठी आवडत नाही. पाणी एकीकडे तापतं, एकीकडे कोमट राहतं. कधी गुळगुळीत भांड्यात ते उकळी न फुटताच १०० च्या वर जातं आणि चमचा बुडवताच अंगावर उसळतं. दुसरा मार्गच नसेल तर भांड्यात लाकडी काडी ठेवा आणि खरी उकळी डोळ्यांनी बघा.

गिझरचं गरम पाणी उकळलेलं समजू नका. ते सहसा ५०-६० अंशांचं असतं आणि टाकीत दिवसचे दिवस पडून असतं. पिऊ नका, त्यात चहाही करू नका.

गार करणं, आणि जिथे सगळं बिघडतं ते भांडं

ज्या भांड्यात उकळलं त्यातच झाकण ठेवून गार होऊ द्या. पंख्याखाली उघडं ठेवू नका, बर्फ टाकू नका. तो बर्फ उकळलेल्या पाण्याचा नसतो, आणि गोठल्याने जंतू मरत नाहीत.

क्लोरीन घातलेलं पाणी आणि उकळलेलं पाणी यांत मोठा फरक हा, की क्लोरीन पाण्यात थोडा काळ पहारा देत राहतं. उकळलेल्या पाण्याला असा पहारेकरी नाही. उकळी उतरली की ते उघडं पडलं. मध्येच एखादा न धुतलेला हात बुडाला, तर आतल्या आत जंतू वाढायला कोणी आडवं येत नाही. त्यामुळे साठवणीचं भांडं शक्यतो अरुंद तोंडाचं किंवा खाली तोटी असलेलं घ्या. रुंद तोंडाचं असेल तर लांब दांड्याचं ओगराळं ठेवा, ते पाण्यात न सोडता वर टांगा, आणि पेला बुडवायची सवय मोडा. ही सवय मोडायला आमच्या घरी दोन महिने लागले. तोटीचं भांडं आणलं, तेव्हा कुठे ती सुटली.

भांडं रोज रिकामं करून घासा. तळाचं, ‘कालचं थोडं आहे’ त्याच्यावर आजचं ओतू नका. बुळबुळीत थर नुसत्या पाण्याने निघत नाही, घासावाच लागतो. तोटीच्या आतला भाग विसरला जातो. बारीक ब्रशने तोही स्वच्छ करा. शेवटी थोडं उकळतं पाणी भांड्यात फिरवून तोटीतून सोडा. प्लास्टिकचं भांडं असेल तर मात्र ते कडकडीत पाणी सोसतं का ते आधी बघा. उकळलेलं पाणी त्याच दिवसात, फार तर २४ तासांत संपवा.

चव सपक लागते ही तक्रार खरी आहे. विरघळलेली हवा निघून गेलेली असते. गार झाल्यावर झाकणबंद स्वच्छ बाटलीत भरून जोरात हलवा, चव बरीच परत येते.

पातेल्याच्या तळाशी पांढरा थर धरला तर घाबरू नका. कठीण पाण्यातला बायकार्बोनेटचा चुना उष्णतेने बाहेर पडून खाली बसतो. तेवढ्यापुरतं पाणी थोडं मऊही होतं. वरचं पाणी तळ न ढवळता ओतून घ्या, आणि भांड्याला लिंबाचा रस किंवा व्हिनेगर लावून थर काढा.

साथ असताना पिण्याचं पाणी उकळून तोंड मात्र नळाच्या पाण्याने धुणं, दात घासणं, कच्च्या भाज्या-फळं त्याच पाण्याने धुणं, हे सगळ्यांकडून होतं. या कामांनाही उकळलेलंच वापरा. अंघोळीला गरज नाही, फक्त लहान मुलं पाणी गिळणार नाहीत एवढं बघा. आणि कडकडीत पातेलं मुलांच्या हाताच्या उंचीवर गार करायला ठेवू नका.

जळण नसेल तेव्हा

स्वच्छ, पारदर्शक प्लास्टिकच्या दोन लिटरपर्यंतच्या बाटल्यांत गाळलेलं पाणी भरून कडक उन्हात आडव्या ठेवा. सहा तास पुरतात, ढगाळ असेल तर सलग दोन दिवस. मुख्य काम सूर्यप्रकाशातले अतिनील किरण करतात. बाटलीपलीकडचा छापील मजकूर वाचता येत नसेल इतकं पाणी गढूळ असेल तर हा उपाय चालत नाही. क्लोरीनच्या गोळ्या असतील तर पाकिटावरचं प्रमाण पाळा आणि निदान अर्धा तास थांबा.

बाळाचं दूध आणि जलसंजीवनी

डब्यातल्या पावडरीचं दूध करताना पाणी उकळून अगदी गार करणं चूक. पावडर निर्जंतुक नसते, तिच्यातही जिवाणू असू शकतात. पाणी उकळल्यावर अर्ध्या तासाच्या आत, ते ७० अंशांच्या खाली जायच्या आधी पावडर मिसळा, आणि मग बंद बाटली गार पाण्याखाली धरून दूध बाळाला सोसेल इतकं निववा. मनगटाच्या आतल्या बाजूवर थेंब टाकून बघा. ज्या पाण्यात नायट्रेट जास्त असल्याचं तपासणीत आलं आहे, ते बाळासाठी वापरू नका, कितीही उकळलेलं असलं तरी.

जुलाबाच्या रुग्णासाठी ओआरएसची पुडी उकळून गार केलेल्या पाण्यात घाला. एक लिटरची पुडी असेल तर लिटर मोजायचं ते उकळून गार झाल्यावर. आधी लिटरभर मोजून उकळलं तर वाफेने घटतं आणि मिश्रण जास्त खारट होतं. पुडी घातल्यावर ते पुन्हा उकळू नका. २४ तासांनी उरलेलं ओतून द्या आणि नवीन करा.